‘पंखा हाय की,’ म्हणालात

अन्वरभाई,

परवा तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला रहिमतपूरला, तुमच्या गावी, आले होते. आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले. भाभींनी माझा हात धरून ठेवला होता आणि येणारी प्रत्येक बाई तेच म्हणत होती, "लय शांत गेलं बगा. आवाज न्हाई, काय न्हाई." तिसऱ्या बाईनं ते म्हटलं तेव्हा माझं डोकं सणकलं. शांत? ओरडायला छातीत वारा लागतो. शेवटच्या महिन्यात "पानी दे" एवढे दोन शब्द म्हणायला तुम्हाला मध्ये एकदा थांबावं लागत होतं. तुम्ही शांत गेला नाहीत. आवाज करायला तुमच्याकडं काही उरलंच नव्हतं. पण मयताच्या घरी भांडू नये एवढी अक्कल मला आहे, म्हणून तिथं मान डोलावली आणि पलूसला परत येऊन हे लिहायला बसले. भांडण इथं करते.

मला तुमचा राग आलाय. गेलेल्या माणसावर रागवू नये, त्याच्याबद्दल चार शब्द चांगले बोलावेत, असं म्हणतात. एकोणीस वर्षं आपण फोनवर भांडलो. आता तुम्ही गेलात म्हणून मी एकदम गोड बोलायला लागले तर तुम्हीच विचाराल, "मॅडम, तब्येत बरी हाय न्हवं?"

लोकांना वाटतं, दात डॉक्टर बनवतो. मी पेशंटची दाढ घासते, तिचं माप घेते, प्लास्टरचा जबडा तयार करते आणि तो जबडा सांगलीला तुमच्याकडं पाठवते. हळदीच्या वखारींच्या मागं तुमची ती एक खोलीची लॅब. तिथं तुम्ही मेणात दात कोरायचात, साचा करायचात, धातू ओतायचात, घासायचात, चकाकी आणायचात. मग तो माझ्याकडं यायचा, मी तो पेशंटच्या तोंडात बसवायचे आणि पेशंट मला पेढे द्यायचा. पलूसमधल्या शेकडो माणसांच्या तोंडात तुमच्या हातचं काम आहे. त्यातल्या एकाही माणसाला तुमचं नाव ठाऊक नाही. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एक आजोबा येऊन तुम्हीच केलेल्या दाढेनं मला ऊस कसा खातो ते दाखवत होते. मी त्यांना म्हटलं, ही दाढ ज्यानं केली तो माणूस काल गेला. ते म्हणाले, "म्हंजे? तुमीच केली न्हवं?"

आपलं पहिलं भांडण आठवतं? मी नवा दवाखाना टाकला होता. एका द्राक्षबागायतदाराच्या दाढेवरची धातूची टोपी तुम्ही पाठवलीत आणि ती बसेना. एका बाजूनं नखभर उचललेली. मी कॉलेजातून ताजी ताजी बाहेर पडलेली, दातांसाठीच्या धातू-प्लास्टरच्या विषयात मला चांगले मार्क होते. फोन लावून तुम्हाला धातूच्या आकुंचनावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बाई, धातू गार झाला की आखडनारच. थंडीत म्हातारं आखडतंय तसं. म्हनून साचा आदी तेवढाच फुगवायचा असतोय. किती फुगवायचा ते तुमच्या पुस्तकात लिवलंय. पन मे म्हैन्यात सांगलीत किती आन् श्रावनात किती, ते लिवलंय का? या एकदा. बगा."

मी चिडूनच आले. तुमच्या आजोबांनी आणि वडिलांनी गावोगाव फिरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावली, शिकलगाराचं घर तुमचं, दगड आणि धातूची घासाघीस तुमच्या रक्तातच. त्या दिवशी तुम्ही मला अख्खं ओतकाम दाखवलंत. मेणाची टोपी, तिला चिकटवलेली मेणाची काडी, ते सगळं एका पोलादी कड्यात उभं करून भोवती साच्याची पुडी कालवून ओतलेली. पुडीत कुठलं पाणी किती घालायचं ते तुम्ही हवा बघून ठरवायचात. भिंतीला तळहात लावायचात, भिंत ओलसर लागली की एक माप, कोरडी लागली की दुसरं. मग कडं भट्टीत जायचं, मेण जळून जायचं, आत दाताच्या आकाराची पोकळी राहायची. दुसरीकडं मुशीत धातूचे मणी, त्यावर गॅसची ज्योत. मी विचारलं, धातू तयार झाला हे कळतं कसं, पाण्यासारखा पातळ होतो का? "पातळ झाला म्हंजे जळाला," तुम्ही म्हणालात. "ह्यो धातू अंगावरची साय सोडत न्हाई. नुसतं मन्याकडं बगायचं. त्यानं खांदं पाडलं की सोडायचं." मी काळा चष्मा लावून बघत राहिले आणि खरंच, त्या मण्यांनी दमलेल्या माणसासारखे खांदे पाडले. तुम्ही चाप सोडलात, यंत्र गरगर फिरलं, धातू साच्यात गेला. माझ्या पुस्तकात ते वाक्य नव्हतं. आजही मी कॉलेजच्या मुलांशी बोलायला जाते तेव्हा तेच वाक्य सांगते, आणि तुमचं नाव घेऊन सांगते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. वाटलं, चढून बसाल.

मग साचा फोडलात. पांढरी भुकटी उडाली. टोपीच्या पोटात अडकलेली भुकटी काढायला तुमच्याकडं ब्रश होता, हवेची नळीसुद्धा होती. तुम्ही मात्र टोपी ओठांशी धरलीत, एक फुंकर मारलीत आणि डोळा बारीक करून आत बघितलंत. नळीच्या वाऱ्यानं भुकटी कोपऱ्यात दाबून बसते, तोंडाच्या वाऱ्यानं निघते, असं तुमचं म्हणणं. प्रत्येक टोपीला तीन-चार फुंकरी. फुंकर मारली की माणूस पुढचा श्वास तिथूनच आत घेतो. त्याला कुठलं शिक्षण लागत नाही.

पुडीच्या पिशवीवर इंग्रजीत छापलेलं होतं की ही धूळ श्वासातून आत जाऊ देऊ नका, तोंडाला मास्क लावा. मी ते तुम्हाला तेव्हाच वाचून दाखवलं. आमचं जैनाचं घर, पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, "तुमी पानी गाळून पिता, आता आमाला वारा गाळून घ्यायला लावता व्हय?" तुम्ही हसलात, तुमची लेक शबाना तेव्हा तिथंच मेण मऊ करत बसली होती, ती हसली. मीही हसले. नंतर कितीतरी दिवस मी तो विनोद घरी सांगत होते.

हसले म्हणून आता स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आपला डबा मात्र छान चालायचा. जबडे खोक्यात घालून पाठवले तर एसटीत फुटतात, म्हणून मी माझा जेवणाचा स्टीलचा डबा कापूस घालून पाठवायला लागले. सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं दिला की तासाभरात तुमच्याकडं. परत येताना त्यात तयार दात, आणि शेजारच्या कप्प्यात काहीतरी. रिकामा डबा परत धाडू नये म्हणून तुम्ही कधी चार खारका, कधी भाभींनी केलेल्या नानकटाया ठेवायचात. मग मीही जबड्यासोबत मूठभर बेदाणे पाठवायला लागले. आमच्या बागेतले. तुम्ही फोन करायचात, "मॅडम, दाडंचं माप बरं न्हाई आलं, परत घ्या. बेदानं मातूर झ्याक." हे ऐकून मला राग यायचा आणि हसू यायचं. माप परत घ्यायचे.

एक भांडण तर अर्धंच राहिलं. तुमचं म्हणणं, दातापेक्षा कडक दात तोंडात घालू नये. कडक धातू स्वतः झिजत नाही, समोरचा चांगला दात झिजवतो. माझं म्हणणं, मऊ धातू वाकतो, पातळ कडेला टिकत नाही, आणि मला कड कागदासारखी पातळ हवी. तुम्ही म्हणायचात, "कड तुमाला दिसती. समोरचा दात कोन बगतंय?" मी म्हणायचे, बघेन की दरवर्षी. यावर आपण वर्षानुवर्षं वाद घातला आणि दरवेळी शेवटी मला हवा तोच धातू तुम्ही ओतलात. आता कबूल करते. तुमचं बरोबर होतं. मी त्या लोकांचे समोरचे दात बघितलेत. आणि समोर तर तुम्हीही होता, पण तिकडं मी बघितलं नाही.

आता पंख्याचं बोलू. त्याच्यासाठीच तर हे सगळं लिहितेय.

तुमचा खोकला सुरू झाला त्या वर्षी मी स्वतः सांगलीत दुकानं हिंडले. धूळ ओढून बाहेर फेकणारा मोठा पंखा आणला, वर पत्र्याचं धुराडं, तुमच्या घासायच्या टेबलावर बसवून घेतला. तुम्ही कुरकुरत होता की ह्याचा आवाज विमानासारखा आहे. मी दम दिला. तुम्ही म्हणालात, "बरं बाई, बसू दे." मला वाटलं, चला, काम झालं. मी किती शहाणी आणि किती दयाळू, असं दोन महिने वाटत राहिलं.

आणि मग तुमचं काम बिघडायला लागलं. टोपीवर बारीक छिद्रं. कडा अर्धवट भरलेल्या. तुम्ही सांगितलंत, खोली एक, पंखा वारा ओढतो, ज्योत हलते, धातू साच्यात पोचेपर्यंत निवतो. खरंच होतं ते. मी म्हटलं, काहीतरी उपाय करा. मग एका बाईंचा ब्रिज आला. पलूसच्या शाळेतल्या बाई, चार दातांचा ब्रिज, चार दिवसांवर मुलीचं लग्न. तो ब्रिज बसेना. मी दुसऱ्यांदा पाठवला. दुसऱ्यांदाही बसेना. बाई खुर्चीत रडायला लागल्या. मी त्यांच्यासमोरच तुम्हाला फोन लावला.

तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुम्ही म्हणालात, "मॅडम, एक सांगू का? तीन दिसाऐवजी आठ दिस देत जावा. मी ओतकाम एका दिवशी करतो, पंखा बंद ठिवून. साचं फोडायचं, घासायचं काम दुसऱ्या दिवशी, पंखा लावून. दोनी एका दिवसात आनलं की घोळ व्हतोय."

आणि मी काय म्हणाले तेही आठवतं. मी म्हणाले, "आठ दिवस? अहो, पेशंट दुसरीकडं जाईल. ते काही मला सांगू नका. बंद करा तो पंखा आणि परवापर्यंत ब्रिज द्या."

तुम्ही "बरं," म्हणालात.

परवाच्या सकाळच्या गाडीनं ब्रिज आला. मी बाईंच्या तोंडात ठेवला आणि तो असा बसला की मला दाबावासुद्धा लागला नाही. कडेवरून सुई फिरवली, कुठं अडकली नाही. बाई लग्नात फोटोभर हसल्या. त्यानंतर तुमचं काम पुन्हा पहिल्यासारखं यायला लागलं, तीन दिवसांत, सुरेख. पंख्याचं काय झालं हे मी विचारलं नाही. एका लग्नापुरता बंद केलेला पंखा पुन्हा चालू झाला का, एवढंच विचारायचं होतं. मी विचारलं नाही, कारण उत्तर मला डब्यातून दर तीन दिवसांनी मिळत होतं.

म्हणून तुमचा राग येतो. नाही म्हणायला काय झालं होतं? मी चाळीस वेळा चुकले तेव्हा तुम्ही मला चाळीस वेळा सुनावलंत. माप वाकडं, प्लास्टर मऊ, दाढ नीट घासली नाही, सगळं तोंडावर सांगायचात. आणि स्वतःच्या छातीची गोष्ट आली तेव्हा एवढंसं "बरं"? तुम्हाला कामाचा अभिमान होता, तो नडला. माझी बोलणी खाण्यापेक्षा धूळ खाल्लीत. शिकलगाराच्या हातचं काम बसत नाही असं कुणी म्हणायला नको, एवढंच तुम्हाला पडलं होतं.

पुढं खोकला गेला नाही. कुणी दमा म्हटलं, कुणी हवा बदला म्हटलं. शेवटी मी तुम्हाला मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, बराच वेळ बघितला. मग तुमच्या बोटांकडं बघितलं. नखांत पांढरं होतंच, कधी नव्हतं? त्यांनी विचारलं, "धुळीत काम करता का?"

तुम्ही म्हणालात, "लॅब हाय. दात करतो."

"धूळ ओढायची काही सोय?"

"पंखा हाय की."

"चालू असतो?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. अगदी थोडा वेळ. मग डॉक्टरांकडं वळून म्हणालात, "असतोय की. मॅडमनीच बसवून दिलाय."

मी शेजारी बसले होते. मला तोंड आहे, दातांची डॉक्टर आहे, दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणते. मी उघडलं नाही. माझ्या मांडीवर तुमच्या रिपोर्टांची पिशवी होती, ती घट्ट धरून बसले. आमची आजी म्हणायची, आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला. त्या दिवशी कळलं त्याचा अर्थ.

कुणाला वाचवत होता हो तुम्ही? मला? मी मागितलं होतं का ते? बाहेर आल्यावर एक शब्द बोलला नाहीत त्यावर. स्टँडवर उसाचा रस पाजलात मला, स्वतः घोटभर घेतलात आणि थांबलात. मी म्हणाले, अन्वरभाई, त्या पंख्याचं... तुम्ही हात हलवलात. "सोडा ओ. ब्रिज बसला न्हवं?"

त्या वाक्याला मी कधी माफ करणार नाही.

तीन आठवड्यांपूर्वी रहिमतपूरला शेवटची आले, तेव्हा ऑक्सिजनच्या मशीनची नळी तुमच्या नाकात होती. ठरवून आले होते की आज सांगायचं. चूक माझी होती, मी पंखा बंद करायला लावला, नंतर विचारलं नाही, मिरजेला गप्प बसले. वाटेत गाडीत दोनदा मनातल्या मनात म्हणून बघितलं. तुमच्याजवळ बसले. तुम्ही हातानं जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी सांगाल. तुम्ही म्हणालात, "त्या शाळंतल्या बाई..." मग थांबलात. श्वास गोळा केलात. "त्यांचा ब्रिज... हाय का अजून?"

मी म्हटलं, आहे. गेल्याच महिन्यात बघितला. सुई कुठं अडकत नाही.

तुम्ही डोळे मिटून हसलात. इतकं खूश झालेलं मी तुम्हाला क्वचितच बघितलं होतं. त्या हसण्यावर मी माझी माफी नेऊन ठेवणार कशी? भाभी चहा घेऊन आल्या, मी प्याले, निघाले. फाटकात चप्पल घालताना मला इतका राग आला होता की उजवी चप्पल डाव्या पायात गेली.

अन्वरभाई, तुमच्याइतकं मला कुणी शिकवलं नाही. कॉलेजात धातू किती ताण सोसतो, किती वाकतो, कधी तुटतो, याचे तक्ते पाठ केले. तुम्ही एक टोपी बोटांत धरून दाबायचात आणि सांगायचात, ही दहा वर्षं टिकेल, ही दोन. चुकला नाहीत कधी. भिंतीला हात लावून हवा ओळखणारा माणूस स्वतःच्या छातीला हात लावायचा तेवढा विसरला. आणि मला तर त्या छातीचं ठाऊक होतं. मला इंग्रजी वाचता येत होतं.

काल सकाळी शबानाचा फोन आला. तुम्ही पडल्यापासून तीच चालवत होती ती लॅब तिनं पुन्हा उघडली. मी दहा दिवसांपूर्वी पाठवलेला डबा तिथं तसाच पडून होता, एका पेशंटच्या दाढेचा. म्हणाली, "मॅडम, काम सुरू करती. पन एक सांगते, आता तीन दिसात व्हनार न्हाई. आठ दिस लागतील."

"का गं?"

"ओतकाम सोमवारी आन् गुरुवारी. त्या दिशी पंखा बंद. साचं फोडायचं, घासायचं ते बाकीच्या दिशी, पंखा चालू, तोंडाला मास्क. दोनी एका दिवशी न्हाई करनार. सगळ्या डॉक्टरांस्नी फोन केलं. दोगं न्हाई म्हनलं, जाऊ देत."

आणि माझ्या तोंडातून निघालं, "अगं, पण पेशंट थांबणार नाही."

ऐकलंत? तुम्हाला मातीत घालून पाच दिवस झाले नाहीत आणि माझ्या तोंडात तेच वाक्य. खळ नाही, विचार नाही, जिभेवर ठेवल्यासारखं.

मला वाटलं, शबानाही तुमच्यासारखीच आता "बरं" म्हणेल.

ती म्हणाली, "मॅडम, अब्बांनी तुमाला कवा न्हाई म्हनलं न्हाई. मी म्हनती." मग थोड्या वेळानं, जरा मऊ आवाजात, "ही अब्बांचीच पद्दत हाय. मला लय आदी शिकवून ठिवलीती. म्हनायचे, एक जरी डॉक्टर आठ दिस थांबाय तयार झाला, की त्या दिवसापास्नं असंच करायचं. एका डॉक्टरांस्नी विचारलं हुतं म्हनं त्यांनी. ते न्हाई म्हनलं."

मी विचारलं, "कोण ते सांगितलं का?"

"न्हाई. लय डाव विचारलं मी. नाव न्हाई सांगितलं."

दवाखान्यात बाहेर दोन माणसं बसली होती. यंत्राचा पंप चालू होता, तो मी बंद केला. मिरजेला उघडलं नव्हतं ते तोंड उघडलं. "मी," म्हणाले. "शबाना, ती मी होते. पंखा बंद करायलाही मीच सांगितलं. आणि मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुझे अब्बा खोटं बोलले माझ्यासाठी, आणि मी ऐकत बसले."

तिकडून पंख्याचा आवाज येत होता. विमानासारखा, तुम्ही म्हणायचात तसा.

मग नाक ओढल्याचा आवाज आला. तिनं मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. माफ केलं असंही म्हणाली नाही, आणि तेही बरोबरच. तिनं एवढंच विचारलं, "मग मॅडम, आठ दिस थांबताय न्हवं?"

"थांबते," मी म्हणाले.

फोन ठेवून बाहेर गेले. त्या दाढेचा पेशंट बाकावर बसला होता, आमणापूरचा एक गवंडी. त्याला म्हटलं, "दादा, तुमच्या दाढेला अजून आठ दिवस लागतील. दात करणारे वारले." चेहरा कसा करतो ते बघत उभी राहिले. चिडेल, दुसरीकडं जातो म्हणेल, पूर्वी एवढा वेळ लागायचा नाही म्हणेल, सगळ्याची तयारी ठेवली होती.

तो म्हणाला, "आरारा. चालतंय की, मॅडम. आठ दिसांनी येतो." आणि पिशवी उचलून गेला.

एवढंच होतं, अन्वरभाई. नुसतं विचारायचं होतं.